आयुष्याला शंभरपैकी किती गुण?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. ऑपरेशनच्या आधी आणि पुन्हा सहा महिन्यांनी संशोधन करणाऱ्या एका मुलीने त्यांच्याकडून कागद भरून घेतला. पाच प्रश्न, आणि शेवटी थर्मामीटरसारखी उभी पट्टी : 'आज तुमची तब्येत शंभरपैकी किती?' सासरे म्हणाले, 'लिही ऐंशी, पांडुरंगाच्या कृपेने.' असल्या उत्तरांवरून कोणता उपचार परवडतो ते ठरवतात म्हणे. माणसाचे जगणे असे मोजता येते का? आणि मोजून करतात काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तो कागद बहुधा 'ईक्यू-५डी' या प्रश्नावलीचा असावा. १९८७ मध्ये युरोपातले काही संशोधक एकत्र आले. 'यूरोक्वॉल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या गटाने १९९० मध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज ती मराठीसह शंभराहून अधिक भाषांत मिळते. इतकी पसरली याचे कारण ती दोन मिनिटांत भरून होते. चालणे-फिरणे, स्वतःचे स्वतः आवरणे, नेहमीची कामे, दुखणे-खुपणे आणि चिंता-उदासी अशा पाच बाबी. प्रत्येकीपुढे पाच पर्याय : त्रास नाही, थोडा, मध्यम, खूप, आणि शेवटचा 'जमतच नाही' किंवा 'कमालीचा'. पाच उत्तरांचे पाच आकडे ओळीने लिहिले की झाला तब्येतीचा सांकेतिक क्रमांक. चालताना मध्यम त्रास, अंघोळ-कपडे थोड्या त्रासात, कामे मध्यम, वेदना खूप, चिंता नाही, म्हणजे ३२३४१. असे एकूण ३,१२५ क्रमांक होतात.

सासऱ्यांनी पट्टीवर सांगितलेले ऐंशी मात्र या क्रमांकात धरत नाहीत. ते वेगळे नोंदवतात. खरा हिशेब होतो तो पाच खुणांचा, आणि त्या प्रत्येक क्रमांकाला किती गुण द्यायचे हे रुग्णाला विचारत नाहीत. ते आधीच ठरलेले असते, आणि ठरवलेले असते रस्त्यावरच्या, घरातल्या, धडधाकट-आजारी अशा सर्वसाधारण लोकांना विचारून.

कसे विचारतात ते बघा. समोर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस एक स्थिती वाचून दाखवतो. समजा, वरचीच ३२३४१. मग विचारतो, 'अशा अवस्थेत दहा वर्षे जगायची आणि मग मरण, किंवा अगदी ठणठणीत दहा वर्षे जगायची आणि मग मरण. काय घ्याल?' उत्तर उघड असते. मग ठणठणीत वर्षे कमी करत जातात. नऊ? आठ? पाच? कुठेतरी समोरचा अडतो आणि म्हणतो, 'आता दोन्ही सारखेच.' तो सात वर्षांवर अडला, तर त्याच्या लेखी त्या अवस्थेला ०.७ गुण. पूर्ण निरोगी अवस्थेला १, मृत्यूला ०. काही अवस्था ऐकून लोक म्हणतात, 'असे जगण्यापेक्षा मेलेले बरे.' तेव्हा शून्याच्या खाली गुण मोजायची वेगळी पद्धत आहे, आणि तिथले गुण उणे असतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जॉर्ज टोरन्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही देवाणघेवाणीची पद्धत बसवली. काही लोक एक दिवसही सोडायला तयार होत नाहीत. जितके आयुष्य लिहिले आहे तितके ते जगणार, त्यात सौदा कसला? त्यांच्या उत्तरांचे काय करायचे, यावर संशोधकांत आजही वाद आहेत.

आता गुण आणि वर्षे यांचा गुणाकार करायचा. एक वर्ष पूर्ण निरोगी जगलात तर १. ०.५ गुणांच्या अवस्थेत दोन वर्षे काढलीत तरीही १. या एककाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'क्वाली' म्हणतात, तेच आपणही वापरू. हे आकडे निव्वळ समजुतीसाठी घ्या : सांधेरोपणापूर्वी ०.५, नंतर ०.८, आणि कृत्रिम सांधा पंधरा वर्षे टिकला. वाढ ०.३, गुणिले पंधरा, म्हणजे साडेचार क्वाली. खर्च एक लाख ऐंशी हजार धरला तर एका क्वालीला चाळीस हजार रुपये पडले. दुसरीकडे समजा कर्करोगाचे एक औषध चार महिने आयुष्य वाढवते, त्या काळात तब्येत ०.६ आणि खर्च सहा लाख. एक तृतीयांश वर्ष गुणिले ०.६, म्हणजे ०.२ क्वाली. एका क्वालीचा भाव तीस लाख. गुडघा कोणाचा जीव वाचवत नाही, औषध निदान चार महिने तरी देते. तरीही या हिशेबात गुडघा पुढे जातो, आणि हिशेब मुद्दाम तसाच रचलेला आहे. केवळ मृत्यू मोजले असते, तर सांधेदुखी, मोतीबिंदू, नैराश्य यांच्या वाट्याला कधी काही आलेच नसते.

कल्पना तशी जुनी आहे. १९६८ मध्ये क्लारमन आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या आजारावरचे उपचार ताडून पाहिले. प्रत्यारोपण झालेला रुग्ण डायलिसिसवरच्या रुग्णापेक्षा मोकळा जगतो, म्हणून त्यांनी त्याचे एक वर्ष सव्वा वर्ष धरले. सव्वाच का, याला त्यांच्या अंदाजापलीकडे आधार नव्हता, पण गणितात दर्जा शिरला तो तिथून. पुढे १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे अॅलन विल्यम्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तक्ता छापला. खुब्याचा सांधा बदलायला एका क्वालीमागे ७५० पौंड, पेसमेकरला ७००, हृदय प्रत्यारोपणाला ५,००० आणि रुग्णालयातल्या डायलिसिसला १४,०००. आकडे कच्चे होते. गुणांसाठी त्यांनी जी सारणी वापरली तिच्यामागे मोजून ७० माणसांची मते होती. पण खुबा आणि हृदय एकाच रांगेत उभे राहिलेले डॉक्टरांनी तोवर फारसे पाहिले नव्हते.

तुमच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर : नाही, जगणे असे पुरते मोजता येत नाही. सासरे पुन्हा वारीला जाऊ लागले असतील तर ते 'नेहमीची कामे' या खणात कसेबसे बसेल. पण नजर अधू असणे, ऐकू न येणे, रात्रभर झोप न लागणे यांसाठी या कागदावर स्वतंत्र जागाच नाही. त्यामुळे श्रवणयंत्र किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन यांचा फायदा या मोजपट्टीवर असतो त्याहून लहान दिसतो. पुन्हा कधी कागद भरायची वेळ आली, तर सासऱ्यांना एवढेच सांगा की प्रश्न 'आज' कसे आहे याचा असतो, आणि जिना उतरताना कळ येत असेल तर 'त्रास नाही'वर खूण करून कोणावर उपकार होत नाहीत.

प्रश्न : म्हणजे एक वर्ष जगण्याची किंमत ठरवली जाते. ती कोण ठरवतो? आणि त्याला तो अधिकार दिला कोणी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वांत गाजलेली सीमा इंग्लंडची. तिथे १९९९ मध्ये 'नाईस' ही सरकारी संस्था निघाली. कोणते औषध सरकारी आरोग्यसेवेने द्यावे, हे ती सांगते. दोन दशकांहून अधिक काळ तिचा ढोबळ नियम होता, की एका क्वालीला २० ते ३० हजार पौंडांपर्यंत पडत असेल तर बहुधा हो, त्यावर गेले तर जास्तीची कारणे द्या. अतिदुर्मीळ आजारांसाठी ती सीमा एक लाख पौंड, आणि फायदा फारच मोठा असेल तर तीन लाखांपर्यंत.

हे २०-३० हजार आले कुठून? कोणी जनमत घेतले नव्हते, संसदेने कायदाही केला नव्हता. संस्थेच्या सुरुवातीच्या निर्णयांतून ते हळूहळू रूढ झाले. यॉर्कचेच कार्ल क्लॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रश्न उलटा विचारला. ठरलेल्या तिजोरीतून नव्या औषधाला पैसे गेले की ते कुठून तरी कमी होतात : कुठे परिचारिका कमी, कुठे तपासणी लांबणीवर. तिथे किती क्वाली बुडतात? त्यांचा अंदाज निघाला, दर १२,९३६ पौंडांमागे एक. म्हणजे ३० हजार पौंडांना एक क्वाली 'विकत घेणारा' निर्णय दुसरीकडे दोनाहून अधिक क्वाली बुडवून येतो. औषध मिळालेल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. तपासणी लांबलेल्याला आपले काही बुडाले हे ठाऊकही नसते.

माझ्या मते या साऱ्या शास्त्राचे खरे काम इथे आहे. आयुष्याला भाव लावतात म्हणून आपण चिडतो, पण भाव न लावणाऱ्या व्यवस्थेतही निवड होतच असते. फक्त ती ओळखीने होते, आवाज कोणाचा मोठा त्यावर होते, किंवा जो आधी आला त्याला मिळते आणि निधी संपला की बाकीचे घरी जातात. आकडा मांडला की निदान त्यावर भांडता येते.

गरीब देशांसाठी दुसरी एक सीमा फिरत असे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाच्या अहवालातून ती निघाली. दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक पटीच्या आत पडले तर फारच किफायतशीर, तीन पटींपर्यंत किफायतशीर. जगभरच्या शोधनिबंधांनी हा नियम डोळे झाकून उचलला. तीन पट म्हणजे इतके उदार माप, की जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात बसे, आणि तिजोरीत तेवढे पैसे आहेत की नाहीत हे कोणी विचारत नसे. शेवटी संघटनेच्याच तज्ज्ञांना २०१६ मध्ये लिहावे लागले, की या नियमाचा असा वापर करू नका. थायलंडने मात्र स्वतःचे माप ठरवले, एका क्वालीला एक लाख साठ हजार बात. त्याहून महाग पडणारे औषध ते लगेच नाकारत नाहीत. आकडा कंपनीपुढे ठेवतात आणि भाव उतरवायला सांगतात. माप जाहीर असले की घासाघीस करता येते.

प्रश्न : असा हिशेब प्रत्यक्षात कधी तोंडघशी पडला आहे का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पडला आहे, आणि ती गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी ठरवले, की गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात जास्त माणसे घ्यायची आणि त्यासाठी उपचार कमी करायचे. कोणते कमी करायचे? सगळ्या आजार-उपचारांच्या जोड्यांची एकच यादी करू, क्वालीच्या भावाने उतरती लावू, आणि पैसे संपतील तिथे रेघ मारू. लोकांना फोन करून वेगवेगळ्या अवस्थांना गुण विचारले, डॉक्टरांकडून परिणामांचे अंदाज घेतले, आणि संगणकाने १९९० मध्ये यादी बाहेर टाकली.

यादीत ३७१व्या क्रमांकावर होते दाताला टोपी बसवणे. त्याच्या खाली, ३७२वर, गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचे ऑपरेशन. हे वेळेत झाले नाही तर बाई रक्तस्रावाने दगावते. अपेंडिक्सचे ऑपरेशन त्याच्याही खाली. राज्यभर हसे झाले आणि संतापही उसळला.

संगणक चुकला होता का? आकडे बघा. दाताच्या टोपीचा खर्च धरला होता सुमारे ३८ डॉलर, फायदा ०.०८ गुण, चार वर्षे टिकणारा. गर्भनलिकेच्या ऑपरेशनचा खर्च सुमारे ४,००० डॉलर, फायदा ०.७१ गुण, ४८ वर्षे टिकणारा. भागाकार करून पाहा, दोन्हीकडे एका क्वालीला ११८-११९ डॉलरच्या आसपास येते. एका ऑपरेशनच्या पैशात शंभराहून अधिक दातांवर टोप्या बसतात, आणि त्या शंभर जणांचा मिळून फायदा त्या एका बाईच्या वाचलेल्या आयुष्याइतका भरतो, असे गणिताचे म्हणणे. त्यात बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. अंदाज मात्र कच्चे होते. दातांच्या टोपीचा खर्चच फार कमी धरला होता, आणि फोनवरून विचारलेले गुण क्षुल्लक त्रासांना जास्त वजन देत होते. पण आकडे सुधारले असते तरी लोक गप्प बसले नसते असे मला वाटते. समोर मरणारे माणूस असेल तर आपण भागाकार करत नाही. अल्बर्ट जॉन्सन या नीतितज्ज्ञाने १९८६ मध्ये या वृत्तीला 'सुटकेचा नियम' असे नाव दिले : विहिरीत पडलेल्याला आधी बाहेर काढा, विहिरीला कठडा बांधायचा खर्च मग बघू. हा नियम बेहिशेबी आहे खरा, पण ज्या समाजात तो अजिबात नाही तिथे राहायला मला आवडणार नाही.

ओरेगॉनने ती यादी फेकून दिली. नव्या यादीत खर्चाला दुय्यम जागा दिली आणि यादी करणाऱ्या राज्याच्या आयोगाच्या सदस्यांनी क्रम हाताने वरखाली केले. १९९२ मध्ये केंद्र सरकारने तीही अडवली, कारण अपंगांच्या हक्कांच्या कायद्याला ती धरून नव्हती. पुन्हा दुरुस्त्या झाल्या, आणि १९९४ मध्ये योजना अखेर सुरू झाली. तिच्यामुळे हजारो विमा नसलेल्यांना विमा मिळाला, हेही सांगायला हवे. दाताच्या टोपीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण हे वाक्य गाळतात.

प्रश्न : माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. नोकरी करते, खूश आहे. तुमच्या त्या कागदावर चालण्यापुढे तिला 'जमतच नाही'वर खूण करावी लागेल. मग तिचा जीव वाचवणे इतरांपेक्षा कमी फायद्याचे ठरते का?
— एक आई, नाशिक

उत्तर : कागदावरच्या गणितात, हो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरेसे उत्तर अजून कोणाकडे नाही. तुमच्या मुलीला कमाल समजा ०.७ गुण मिळत असतील, तर न्यूमोनियातून तिला वाचवून मिळालेली दहा वर्षे म्हणजे सात क्वाली. तोच न्यूमोनिया शेजारच्या धडधाकट मुलीला झाला तर दहा. याच कारणासाठी अमेरिकेत २०१०च्या आरोग्य कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेला क्वालीची सीमा वापरायला मनाई केली. जर्मनीतली मूल्यमापन संस्थाही क्वालीपासून दूर राहते. बचाव असा करतात, की प्रत्यक्षात व्यक्ती-व्यक्तीची तुलना होत नाही, उपचाराची होते. न्यूमोनियाचे औषध मंजूर झाले की ते दोघींनाही मिळते. हे बरोबर आहे. पण केवळ अपंगांनाच लागणाऱ्या औषधाचा प्रश्न आला की हा बचाव लुळा पडतो.

मग रुग्णालाच का विचारू नये? तुमची मुलगी स्वतःला ०.९५ देईल. अपंगत्व घेऊन जगणारे आपल्या आयुष्याला बाहेरच्या लोकांपेक्षा जास्त गुण देतात, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. बाहेरचा माणूस व्हीलचेअरची कल्पना करतो तेव्हा त्याला पहिला दिवस दिसतो, दहावे वर्ष दिसत नाही. पण फक्त रुग्णाचे ऐकायचे ठरवले की दुसरी अडचण येते. तिचे आता ०.९५च असेल, तर तिला पुन्हा चालते करणाऱ्या उपचाराला फायद्यासाठी जागा उरते ०.०५ची.

आपल्या अवस्थेची अशी सवय होण्याची काळी बाजू अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवली. भारतात आयुर्मान सर्वांत जास्त केरळात, आणि 'मी आजारी आहे' असे सांगणारेही सर्वांत जास्त केरळातच. बिहारमध्ये दोन्ही कमी. बिहारी माणूस केरळी माणसापेक्षा निरोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. जिथे दवाखाना जवळ आहे, शाळा झाली आहे, तिथे माणसाला आपले दुखणे दुखणे म्हणून कळते. जिथे सगळ्या बायकांची कंबर दुखते, तिथे कंबरदुखी कोणी सांगत नाही. 'मला काही त्रास नाही' हे तुमच्या मुलीचे उत्तर आणि तेच उत्तर ऊसतोड करणाऱ्या बाईचे, कागदावर दोन्ही खुणा एकाच चौकटीत पडतात. मोजपट्टीला त्यातला फरक कळत नाही. मुलाखत घेणाऱ्याला कळावा अशी अपेक्षा.

प्रश्न : हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे कोणी असा विचार करते का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : करू लागले आहेत. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये 'एचटीए-इन' या नावाने आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. देशभरातल्या संस्था तिच्यासाठी अभ्यास करतात, मुंबईत परळला असलेली प्रजनन आरोग्य संशोधनाची राष्ट्रीय संस्था त्यांपैकी एक. सीमा म्हणून साधारणपणे दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाची एक पट धरतात, आज ती दोन लाख रुपयांच्या वर जाते. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा भारतीय अभ्यास झाला, तेव्हा निघाले की त्या वेळच्या भावाने वर्षभराचा कोर्स सीमेबाहेर जातो, भाव उतरला तर आत येतो. इथेही उपयोग तोच, खरेदीच्या वाटाघाटीत सरकारच्या हाती आकडा असणे.

बरीच वर्षे आपले संशोधक गुणांची सारणी इतर देशांची उसनी वापरत. चंडीगडच्या पीजीआय संस्थेच्या पुढाकाराने पाच राज्यांतल्या साडेतीन हजारांवर प्रौढांच्या मुलाखती झाल्या आणि २०२२ मध्ये भारताची स्वतःची सारणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत जास्त गुण कापले जातात ते वेदनेसाठी. आणि पाचही बाबतींत शेवटची खूण, म्हणजे सर्वांत वाईट अवस्था, तिला आपल्या लोकांनी दिले उणे ०.९२३. मृत्यूपेक्षा कितीतरी वाईट. पाहणीत 'असे नको रे बाबा' म्हणणारे लोक आपल्याकडे भरपूर निघाले, एवढे नक्की. त्यामागे अंथरुणाला खिळलेल्याची भीती किती आणि घरच्यांवर भार होण्याची लाज किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

एक गोष्ट मात्र या हिशेबात अजून नीट शिरलेली नाही. पाच प्रश्न रुग्णाला विचारतात. त्याला उठवणारी-बसवणारी बायको किंवा सून, जिची झोप गेली, जिने शिवणकाम सोडले, तिचा कागद कोणी भरून घेत नाही. सोबत येणाऱ्याचे एसटीचे भाडे खर्चात धरता येते. फुकटच्या सेवेचे तास धरलेले क्वचितच पाहायला मिळतात.

आणि किफायतशीर असण्यासाठी क्वालीच लागते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी मांडलेला हिशेब : एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार केला तर एक जीव शंभर डॉलरच्या आत. इतके स्वस्त असले की गुणांच्या दशांश चिन्हावर वाद घालायची गरजच पडत नाही. देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत तो कार्यक्रम सुरू झाला २०११ मध्ये. मधली बारा वर्षे आकड्याअभावी गेली नव्हती.

प्रश्न : लस कितीही चांगली असली तरी अशा हिशेबात मागे पडते असे वाचले. खरे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मागे पडते असे नाही, पण तिच्यावर एक कात्री चालते. अर्थशास्त्रज्ञ पुढच्या काळातल्या फायद्याला आजच्यापेक्षा कमी धरतात. भारतीय मार्गदर्शिकेत हा दर वर्षाला ३ टक्के आहे, इंग्लंडात ३.५. तीन टक्क्यांनी तीस वर्षांनंतरची एक क्वाली आज ०.४१ उरते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलगी शाळेत असताना देतात, आणि कर्करोग टळतो तो तिच्या चाळिशी-पन्नाशीत. खर्च आज पूर्ण रुपयाचा, फायदा रुपयातल्या एकेचाळीस पैशांचा. डायलिसिसला ही कात्री लागत नाही, कारण खर्च आणि फायदा एकाच आठवड्यात होतात. दीर्घ फायद्याच्या काही मोजक्या उपचारांसाठी नाईसने १.५ टक्क्याची सवलत ठेवली आहे. त्या दराने तीच क्वाली ०.६४ भरते. पैशाला व्याज असते म्हणून दर लावतात हे मला समजते, पण आज बारा वर्षांच्या असलेल्या मुलीचे बेचाळिसावे वर्ष तिच्या तेराव्यापेक्षा निम्म्याहून कमी मोलाचे का, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. तरीही ही लस बहुतेक अभ्यासांत पास होते. अट एकच, भाव. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली, ती आयात लसींपेक्षा स्वस्त. भाव खाली आला की कात्री चालूनही लस सीमेच्या आत राहते.